भीमेच्या खोऱ्यातली बोलकी यंत्रे

पावसाळ्यात सोलापूर जिल्ह्यात पहिली चौकशी होते ती उजनीची. दौंडहून येवा किती, विसर्ग किती? सुमारे 117 टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे, म्हणून ते ‘वजा’तून वर कधी येते याकडे सगळ्यांचे डोळे. पूर आला की काळजी उलटी होते. नीरा उजनीच्या खाली, नृसिंहपूरला भीमेला मिळते. नीरेवरच्या वीर धरणाचे आणि उजनीचे पाणी एकदमच खाली आले, तर पंढरपूरचे वाळवंट पाण्याखाली जाते. अशा वेळी दोन्ही धरणांचे आकडे एकाच पडद्यावर आणि एकाच वेळेचे हवेत.

जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा-भीमा खोऱ्यांसाठी अशी यंत्रणा उभी राहिली.

तिचे मूळ फार साधे आहे. पर्जन्यमापकात दोन कप्प्यांची छोटी वाटी असते. एक कप्पा भरला की वाटी कलंडते, विजेचा एक ठोका पडतो, डेटा लॉगर तो मोजतो आणि पुढे धाडतो. पण नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, तर भर पावसात आकडा येतो शून्य! संगणकाला तो कोरड्या दिवसाच्या शून्यासारखाच दिसतो. खरी मेख इथे आहे. यंत्रे जोडणे त्या मानाने सोपे. कोणत्या आकड्यावर विसंबायचे हे कळणे अवघड.

याचे उत्तर याच खोऱ्यात तयार आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. (त्या भागात पडलेला पाऊस मीना, कुकडी, घोड असा वाहत अखेर उजनीतच येतो.) तबकडी वळवणाऱ्या मोटारी, संग्राहक, वारामापक या सगळ्यांवर लांबून नजर ठेवावी लागते. दुर्बिणीच्या नव्या नियंत्रण व्यवस्थेसाठी राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने टीसीएससारख्या कंपन्यांना सोबत घेऊन ‘टँगो’ ही सॉफ्टवेअर चौकट वापरली. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या सिंक्रोट्रॉनमध्ये ती जन्मली. ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ या जागतिक दुर्बीण प्रकल्पानेही 2015 मध्ये तिचीच निवड केली.

टँगोत यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, त्याला तीन भागांचे नाव मिळते आणि त्याची स्थिती, आज्ञा, मोजमापे एकाच पद्धतीने मांडली जातात. प्रत्येक मोजमापासोबत वेळ येते आणि दर्जाचा शिक्काही: ग्राह्य, अग्राह्य, इशारा. यंत्राचा चालक-प्रोग्राम नीट लिहिला, तर नरसाळे तुंबल्याचा संशयही आकड्यासोबतच पोहोचतो. ‘एपिक्स’ ही तिची थोरली बहीण, अमेरिकेतली. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळा तीच वापरतात. म्हणून हिंगोलीतल्या औंढा नागनाथला होणाऱ्या लायगो-इंडियामुळे या विद्येचे महत्त्व मराठवाड्यातही वाढेल.

टँगो आणि एपिक्स दोन्ही मुक्त आहेत, परवान्याचा पैसा लागत नाही. जलमापनाच्या पुढच्या निविदांमध्ये जलसंपदा विभागाने दोन अटी घालाव्यात: यंत्राची संदेशपद्धत खुली असावी आणि प्रत्येक आकड्यासोबत दर्जाची नोंद यावी. सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तोवर थांबू नये. गच्चीवर एक पर्जन्यमापक बसवावा, तो टँगोला जोडावा आणि येत्या मृगाच्या आधी कामाला लागावे.