चाल उरते, नाव उरते. बँड उरतो का?

दक्षिण लंडनमधल्या सेल्हर्स्ट पार्क मैदानावर क्रिस्टल पॅलेस या फुटबॉल संघाचा सामना असला की हजारो प्रेक्षक 'ग्लॅड ऑल ओव्हर' हे गाणे गातात. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना ते तोंडपाठ असते. गाणे 'डेव्ह क्लार्क फाइव्ह' या बँडचे. जानेवारी १९६४मध्ये याच गाण्याने बीटल्सच्या 'आय वाँट टू होल्ड युअर हँड'ला ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावरून खाली ओढले होते. लिव्हरपूलची सद्दी संपली, आता टॉटनहॅमच्या पोरांचे दिवस आले, असा सूर तेव्हा काही वर्तमानपत्रांनी लावला. आज साठ वर्षांनंतर बीटल्सवर ग्रंथालयाचे एक कपाट भरेल इतकी पुस्तके आहेत, आणि डेव्ह क्लार्कचे नाव त्यांतल्या बहुतेकांत ओझरते येऊन जाते.

बीटल्स श्रेष्ठ होते, म्हणून ते उरले, हे याचे सरळ उत्तर. ते मला मान्यच आहे; दोघांची गाणी शेजारी ठेवून ऐकली तर फार वाद उरत नाही. पण एवढ्याने भागत नाही. डेव्ह क्लार्क हा ड्रमवादक व्यवहाराला पक्का होता. बँडच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी त्याने कंपनीला न देता स्वतःकडे ठेवली. तरुण बँड कंपनीने पुढे केलेल्या कागदावर डोळे मिटून सही करत, अशा त्या काळात ही मोठीच हुशारी होती. पुढे मात्र १९७८ ते १९९३ या काळात त्याने ती गाणी बाजारात येऊच दिली नाहीत. नेमक्या याच वर्षांत तबकड्या मागे पडल्या, सीडी आली आणि लोकांनी आपला जुना संग्रह नव्या रूपात पुन्हा विकत घेतला. बीटल्सच्या सीडी १९८७मध्ये आल्या. त्या फेरखरेदीत डेव्ह क्लार्क फाइव्ह नव्हतेच. वडिलांच्या कपाटातून मुलाच्या कपाटात जाण्याची वेळ आली तेव्हा हा बँड दारातच राहिला. मैदानावर गाणे मात्र चालू होते, कारण गर्दीने गायला कुणाचा परवाना लागत नाही.

पुढच्या पिढ्या रॉक बँडना कसे आठवतील, या प्रश्नाकडे मी याच दिशेने जाऊ पाहतो. 'आठवणे' हा एकच शब्द आपण वापरतो, पण त्यात निदान तीन वस्तू आहेत: चाल, नाव, आणि चारपाच माणसांनी एकत्र वाजवल्यावर उठणारा विशिष्ट नाद. या तिघी एकत्र प्रवास करतीलच असे नाही. बहुधा करत नाहीत.

त्यासाठी रॉक संगीतात 'मूळ कृती' कशाला म्हणायचे, हे आधी पाहायला हवे. बाख १७५०मध्ये वारला. पुढे त्याचे 'सेंट मॅथ्यू पॅशन' जवळजवळ विसरले गेले होते. १८२९मध्ये वीस वर्षांच्या मेंडेल्सनने बर्लिनमध्ये ते पुन्हा सादर केले आणि बाखचे पुनरुज्जीवन सुरू झाले. हे शक्य झाले ते कृती कागदावर शाबूत होती म्हणून. आपल्याकडे याच्या उलट टोकाचे उदाहरण आहे. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारी १९०१मध्ये गेले, आणि १९०२मध्ये फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन उतरला. जेमतेम दीडदोन वर्षांची चुकामूक. 'सौभद्रा'ची पदे आपल्याकडे आहेत, 'भावड्या'च्या गळ्याचे वर्णन आहे, गळा नाही.

रॉकचे वेगळेपण असे की, त्याची मूळ कृती कागदावर नसतेच. ती फितीवर असते. बीटल्सनी २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम केला. त्याच महिन्यात त्यांची 'रिव्हॉल्व्हर' ही एलपी आली होती, पण त्या दौऱ्यात तिच्यातले एकही गाणे त्यांनी वाजवले नाही. त्यातल्या 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये फितींचे तुकडे जोडून केलेली वेटोळी एकाच वेळी फिरवून नाद निर्माण केला होता. चार माणसे रंगमंचावर ते करणार कशी? अशा गाण्याचे स्वरलेखन केले तर हाती एकच स्वरावली येते, आणि गाणे निसटते. फीत गेली की कृती गेली.

आणि फीत जाते. चुंबकीय फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटद्रव्याने बसवलेले लोहभस्माचे कण. १९७०च्या दशकातल्या बऱ्याच फितींतले चिकटद्रव्य हवेतली आर्द्रता शोषते, फीत चिकट होते, आणि यंत्रावर लावली की तिचा थर खरवडून निघतो. मग तज्ज्ञ मंडळी ती चक्क मंद आचेवर काही तास भाजतात. आर्द्रता तात्पुरती उडते, फीत वाजते, आणि तेवढ्यात तिची नक्कल उतरवून घ्यायची असते. १ जून २००८ रोजी हॉलिवुडमधल्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. त्या वेळी बातम्यांत चित्रपटांच्या नेपथ्याचे नुकसान गाजले. तिथल्या एका गोदामात ध्वनिमुद्रणांच्या असंख्य मूळ फितीही होत्या, हे न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनने २०१९मध्ये उघडकीला आणले. नेमके किती जळाले याबद्दल कंपनीने वाद घातला. पण अकरा वर्षे लोकांना पत्ताच नव्हता, ही गोष्ट मला आगीहून बोलकी वाटते.

यावर कुणी म्हणेल, गाणी तर सगळी मोबाइलवर आहेत, मूळ फीत गेली तर बिघडले काय? आहेत ती नकलांच्या नकला आहेत. मूळ फितीत गायन, गिटार, ड्रम वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात, आणि उद्याचे तंत्र त्यातून काय काढेल हे आज सांगता येत नाही. जॉन लेननने १९७०च्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर म्हटलेले 'नाउ अँड देन' एका साध्या कॅसेटवर होते. १९९५मध्ये उरलेल्या तिघांनी ते पुरे करायचा प्रयत्न केला, पण घरघर आणि पियानोखाली आवाज दबला होता. त्यांनी नाद सोडला. पुढे पीटर जॅक्सनच्या माहितीपटासाठी सिद्ध झालेल्या संगणकी तंत्राने लेननचा आवाज पियानोपासून सोडवला गेला आणि २०२३मध्ये गाणे प्रसिद्ध झाले. तोवर जॉर्ज हॅरिसनही जाऊन बावीस वर्षे होत आली होती. त्याची गिटार १९९५च्या फितीवरून घेतली. आपल्या मुंबईतलेही एक उदाहरण याच जातीचे. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी १९७२मध्ये मुंबईच्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी इथे ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे ऐकायला मिळाली २०१५मध्ये. ४३ वर्षे कुणी तरी ती फीत टाकून दिली नाही, एवढ्यावर हे जमले.

नावाचे गणित निराळे. माणसांची आठवण समूहाला फार काळ सांभाळत नाही. तिला एक चेहरा लागतो. क्वीन या बँडमध्ये चौघे होते आणि चौघांनीही गाजलेली गाणी लिहिली. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' फ्रेडी मर्क्युरीचे, 'वी विल रॉक यू' ब्रायन मेचे, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' जॉन डीकनचे, 'रेडिओ गागा' रॉजर टेलरचे. आज रस्त्यावर विचारा, चारही फ्रेडीची म्हणून सांगितली जातील. आपण मराठी माणसे तर आणखी एक पाऊल पुढे जातो. झांझिबारमध्ये पारशी घरात जन्मलेला फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि 'द हेक्टिक्स' या शालेय बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेही आहे. पण त्या अभिमानात डीकनला जागा कुठे?

त्यात २०१८चा चित्रपट आला. जुलै १९८५मधल्या 'लाइव्ह एड'च्या कार्यक्रमाआधी फ्रेडीला आपल्याला एड्स झाल्याचे कळते आणि तो साथीदारांना सांगतो, असे त्यात दाखवले आहे. निदानाचे साल सहसा १९८७ सांगितले जाते. नाट्याच्या सोयीसाठी कालक्रम वाकवला, यात चित्रपटवाल्यांचे नवल नाही. पण १९९१मध्ये, म्हणजे फ्रेडी गेला त्यानंतर, जन्मलेल्यांसाठी पहिला आणि बहुधा शेवटचा आधार हाच चित्रपट आहे. बखरींवर किती विसंबावे याची सावधगिरी राजवाड्यांनी आपल्याला शिकवली; रॉकच्या बखरी आता चित्रपटगृहात लिहिल्या जातात आणि त्यांना अस्सल गाण्यांची साथ असते, म्हणून त्या अधिकच खऱ्या वाटतात.

चालीला याउलट नावाची गरज नसते. 'द व्हाइट स्ट्राइप्स' हा दोघांचाच बँड, एक गिटार आणि एक ड्रम. २००३मधल्या त्यांच्या 'सेव्हन नेशन आर्मी'ची सुरुवातीची सुरावट बेस गिटारची वाटते, पण ती साध्या गिटारचाच स्वर यंत्राने खाली उतरवून काढलेली आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या क्लब ब्रुगचे समर्थक सामन्यासाठी मिलानला गेले होते. तिथे कानावर पडलेली ती सुरावट त्यांनी मैदानात नेली, संघ जिंकला आणि चाल त्यांच्याबरोबर घरी आली. ब्रुगमध्ये ती रोमाच्या समर्थकांनी उचलली, आणि २००६च्या विश्वचषकात सारा इटली ती गात होता. शब्द नाहीत, नुसते 'पो पो पो'. बँड २०११मध्ये मोडला. चालीला काही फरक पडला नाही. जात्यावरच्या ओवीला कवी कोण हे कुणी विचारत नाही, तशी ही आता कुणाची नाही.

कोणती चाल अशी सुटी होते? जी अशिक्षित गळ्यात बसते, जिचा पल्ला चारपाच स्वरांचा असतो. 'वी विल रॉक यू' तर गर्दीला सोबत घेण्यासाठीच रचले होते. त्यात ड्रम नाहीतच, पाय आपटणे आणि टाळी, तेच थरावर थर चढवून ध्वनिमुद्रित केलेले. पण रॉकमधले सगळेच चांगले असे सुटसुटीत नाही. किंबहुना जे सर्वांत चांगले आहे ते बहुधा नाही.

लेड झेपेलिनचे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' घ्या. १९२७मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला. त्यावर कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या कृष्णवर्णीय जोडप्याने १९२९मध्ये हे गाणे ध्वनिमुद्रित केले. झेपेलिनने ते १९७१मध्ये हाताळले. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत जॉन बॉनमचे ड्रम तळमजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी मांडले आणि ध्वनिग्राहक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. त्या जिन्यातली पोकळी ड्रमच्या प्रत्येक ठोक्यात ऐकू येते. पुढे १९८६मध्ये बीस्टी बॉइज यांनी तोच ठोका उचलून आपल्या गाण्याखाली घातला, आणि त्यानंतर इतरही अनेकांनी घातला. बॉनम १९८०मध्ये वारला, त्याबरोबर बँडही संपला. हा ठोका अंगात भिनलेल्या कित्येकांनी त्याचे नाव ऐकलेले नाही. चाल मुळात त्याची नव्हती, नाव मागे पडले, उरला तो एका जिन्यातला नाद. कागदावर तो उतरत नाही आणि गर्दीला तो गाता येत नाही. तो फक्त फितीवर राहतो. बँडचे बँडपण ज्याला म्हणतात, ते मला या तिसऱ्या गोष्टीत दिसते.

मग ती सांभाळायची कुणी? सध्या हे काम व्यापाराकडे आहे. किस या बँडने डिसेंबर २०२३मध्ये न्यूयॉर्कला निरोपाचा कार्यक्रम केला आणि शेवटी पडद्यावर आपल्या संगणकी प्रतिमा आणून यापुढे आम्ही असे राहू, हे जाहीर केले. २०२४मध्ये क्वीनच्या गाण्यांचे हक्क सोनीने सुमारे एक अब्ज पौंडांना घेतल्याच्या बातम्या आल्या. इतके पैसे घातल्यावर कंपनी ती गाणी नक्की जपेल. पण विकली जाणारीच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची एक राष्ट्रीय सूची आहे. तीत दरवर्षी २५ ध्वनिमुद्रणे जतनासाठी निवडली जातात, आणि तिथे खपाचा निकष नसतो. दरवर्षी २५ म्हणजे शंभर वर्षांत २,५००, आणि तीही भाषणांपासून जॅझपर्यंत सगळ्या प्रकारांत मिळून.

उरतात ते हौशी संग्राहक. त्यांच्यामुळे काय घडते हे पाहायला परदेशी जायला नको. १९७०च्या सुमारास मुंबईत 'सिमला बीट' नावाची बँडची अखिल भारतीय स्पर्धा व्हायची. सिमला हा सिगारेटचा छाप; स्पर्धा त्याच्या जाहिरातीसाठी. १९७० आणि १९७१च्या स्पर्धेतल्या बँडच्या दोन एलपी निघाल्या. जाहिरातीचे काम झाल्यावर कंपनीला त्यांचे काही पडले नव्हते, आणि आपल्याकडच्या संगीतसमीक्षेने त्यांची दखल घेतली नाही. कित्येक वर्षांनी परदेशातल्या संग्राहकांच्या हाती त्या तबकड्या लागल्या आणि त्यांनी त्या पुन्हा काढल्या. म्हणून त्या दोन तबकड्यांवर ज्यांना जागा मिळाली, त्या पोरांची गिटार आज ऐकता येते. त्याच मंचावर त्यांच्या आधी आणि नंतर वाजवून गेलेले बाकीचे बँड भाऊरावांच्या वाटेने गेले, फक्त त्यांचे वर्णनही कुणी लिहून ठेवलेले नाही.