घर फॅक्टरीत बनलं, विकलं डीलरने… मग भरपाई कोण देणार?

पोर्टेबल केबिन आणि कंटेनर घरांच्या डीलरशिपवर व्हिडिओ केला, तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "सर, माल कंपनीचा, मी फक्त विकणार. उद्या घर गळलं तर माझा काय संबंध?" व्हिडिओत मी हे दोन मिनिटांत उरकलं, ते चुकलंच. या प्रश्नाचं उत्तर माहीत नसताना डिपॉझिट भरलंत, तर पहिल्या दोन-तीन तक्रारींतच भांडवल संपू शकतं.

आपल्याकडे हा धंदा तसा नवा आहे. अमेरिकेत तो मुरलेला आहे, म्हणून आधी तिकडे बघू. तिथे फॅक्टरीत बनलेल्या घरांसाठी केंद्र सरकारचा बांधकामाचा कोड आहे, 15 जून 1976 पासून. त्याला हड कोड म्हणतात. हड म्हणजे त्यांचं गृहनिर्माण खातं. कोडप्रमाणे बनलेल्या घराच्या प्रत्येक भागाला बाहेरून लाल रंगाची धातूची पट्टी लावलेली असते. घर लोखंडी चासीवर, चाकांवर तयार होतं आणि ट्रकने ओढत जागेवर नेतात. मोठं घर असेल तर दोन भाग येतात आणि जागेवर जोडतात.

आता भांडण कुठे होतं बघा. घर बनवणारा एक, विकणारा दुसरा, जागेवर बसवणारा तिसरा. खालचे आधाराचे खांब नीट लेव्हल केले नाहीत की काही महिन्यांत फरशी एका बाजूला झुकते, दारं लागत नाहीत, दोन भागांच्या जोडातून पाणी येतं. मालक डीलरला फोन करतो. डीलर म्हणतो, फॅक्टरीला विचारा. फॅक्टरी म्हणते, बसवणाऱ्याने घाण केली. बसवणारा फोनच उचलत नाही. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे एसी बसवला की हेच होतं, फक्त रक्कम लहान असते.

टेक्सास राज्याने यावर काढलेला उपाय मला फार व्यवहारी वाटतो. नव्या घरावर बनवणाऱ्याची एक वर्षाची वॉरंटी, आणि घर नीट बसवल्याची वॉरंटी विक्रेत्याची. म्हणजे बसवणारा माणूस बाहेरचा असला तरी ग्राहकासमोर डीलर उभा. ग्राहकाने लेखी तक्रार केली की सरकारी इन्स्पेक्टर घर बघतो आणि रिपोर्टमध्ये दोषामागे दोष लिहितो: हा बनवणाऱ्याचा, हा विक्रेत्याचा, हा बसवणाऱ्याचा. ढकलाढकली तिथेच थांबते.

पण डीलरच दुकान बंद करून गेला तर? ॲडव्हान्स घेतला, घर दिलंच नाही, शटर खाली. अशा माणसाविरुद्ध कोर्टाचा हुकूम मिळाला तरी तो फ्रेम करून भिंतीवर लावायचा फक्त. म्हणून टेक्सासमध्ये खास भरपाई योजना आहे. लायसन्स असलेल्याने कायदा मोडून ग्राहकाचं नुकसान केलं, तर त्यातून 35,000 डॉलरपर्यंत मिळू शकतात. तेही प्रत्यक्ष झालेलं नुकसानच. वकिलाची फी, मनस्ताप, दंडात्मक भरपाई यातलं काही नाही. दावा दोन वर्षांत करावा लागतो. योजनेने पैसे दिले की ती रक्कम त्या लायसन्सवाल्याकडून वसूल होते, आणि त्याचं लायसन्स धोक्यात येतं. कॅलिफोर्नियातही असाच निधी आहे, मर्यादा 75,000 डॉलर, आणि तो भरतो प्रत्येक विक्रीमागे घेतलेल्या 10 डॉलरमधून. म्हणजे प्रामाणिक डीलरच्या ग्राहकांचे दहा-दहा डॉलर लबाड डीलरच्या ग्राहकाला वाचवतात. काहींना हे अन्यायाचं वाटेल. मला वाटत नाही, कारण त्या दहा डॉलरमुळेच अनोळखी ग्राहक नवख्या डीलरला ॲडव्हान्स द्यायला तयार होतो.

आता घरी येऊ. आपल्याकडे केबिन-डीलरच्या ग्राहकासाठी असा निधी नाही. आपल्याकडे आहे ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. आणि मित्रांनो, डीलर म्हणून तुम्ही तो हलक्यात घेऊ नका. ग्राहकाने दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर केस जिल्हा आयोगात. भरपाई किती मागितली ते इथे बघत नाहीत, पैसे किती मोजले ते बघतात. 5 लाखांपर्यंत फी शून्य. वकील सक्तीचा नाही. आणि ग्राहक जिथे राहतो तिथे तो केस टाकू शकतो. तुम्ही पुण्यातून चंद्रपूरला केबिन पाठवली तर तारखेला चंद्रपूरला जायची तयारी ठेवा. नोटीस आली की उत्तराला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे आयोगही मुदत देऊ शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. "नोटीस ड्रॉवरमध्ये राहिली" हे कारण चालत नाही.

एक फरक इथे लक्षात घ्या. हॉटेल चेनने रिसॉर्टसाठी दहा केबिन घेतल्या, तर तो व्यापारी हेतू, सहसा ग्राहक आयोगाबाहेर. पण एखाद्या ताईने स्वतः चालवायच्या चहाच्या टपरीसाठी एक केबिन घेतली, तर ती पोट भरण्यासाठी घेतलेली. ती ग्राहकच.

गळती, गंज, वाकलेला दरवाजा या साध्या तक्रारीत ग्राहक कंपनीला आणि तुम्हाला, दोघांनाही सामनेवाले करतो. पण वायरिंगचा शॉक बसला, छत पडून माणूस जखमी झाला, तर गोष्ट उत्पादन दायित्वात जाते. त्यात कलम 86 विक्रेता कधी अडकतो ते सांगतं. मालात स्वतः बदल केले आणि त्यामुळे इजा झाली. जोडणी किंवा तपासणीत नीट काळजी घेतली नाही. कंपनीने दिलेली धोक्याची सूचना ग्राहकापर्यंत पोचवली नाही. बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नाही (बिलाशिवाय शेडमधून माल उचलणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी!). आणि कंपनीच्या वॉरंटीपेक्षा वेगळी गॅरंटी स्वतःच्या तोंडाने दिली.

या शेवटच्यात मी स्वतः पोळलोय. दुकानात एका काकांना म्हणालो होतो, "दोन वर्षं हात लावावा लागणार नाही, माझी गॅरंटी." कंपनीची वॉरंटी एकाच वर्षाची होती. चौदाव्या महिन्यात काका माल घेऊन हजर. केस वगैरे काही झाली नाही, पण बदलून दिलं ते माझ्या खिशातून. तेव्हापासून गॅरंटी जेवढी कागदावर, तेवढीच तोंडावर.

डीलरशिप घेणार असाल तर सही करण्याआधी कंपनीला दोन गोष्टी लेखी मागा. बनावटीच्या दोषामुळे तुम्हाला भरावी लागलेली रक्कम कंपनी किती दिवसांत परत करेल, आणि दोष कोणाचा हे ठरवायला इंजिनिअर कोणाचा येईल. केबिन बसवताना चारही कोपऱ्यांवर लेव्हल ठेवून फोटो काढा, ग्राहकाची सही घ्या, तारीख टाका. कंपनी "असलं आम्ही लिहून देत नाही" म्हणाली, तर तिचा करार मला पाठवा. नावं झाकून पुढच्या व्हिडिओत आपण तो कलमवार वाचू.