उभ्या इंजिनाला गंज कोठे लागतो?

नागपुरात जरीपटक्याच्या दक्षिणेला, कडबी चौकाजवळच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. ते २००२ साली सुरू झाले. अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून धावलेली वाफेची इंजिने तेथे पाहावयास मिळतात. याच मापाच्या रुळांवरून नागपूर-छिंदवाडा गाडी २०१५ पर्यंत धावत होती. संग्रहालयातील इंजिनांना रंग मिळतो. परंतु सेवेतून काढलेली बहुतेक इंजिने भंगारात गेली. असे इंजिन वर्षानुवर्षे उघड्यावर उभे राहिले तर त्याचे काय होते? ते पुन्हा धावू शकेल काय?

गंजण्यासाठी लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. नागपूरच्या मे महिन्यातील कोरड्या हवेत गंज जवळजवळ थांबतो. पावसाळ्यात तो जोमाने वाढतो. पाऊस नसला तरी धोका असतोच. कित्येक टनांचे लोखंड रात्री थंड होते आणि सकाळी हवेपेक्षा सावकाश तापते. त्यामुळे दमट हवेतील बाष्प त्याच्यावर दवासारखे जमते.

पाणी साचेल तेथे नाश

गंज सर्वत्र सारखा लागत नाही. धुराडे उघडे असेल, तर पावसाचे पाणी थेट खालच्या धुराच्या पेटीत उतरते. तेथे कोळशाची राख असते. राखेतील गंधकाच्या संयुगांमुळे पाणी आम्लधर्मी होते आणि पेटीचा तळ खाऊन टाकते. पाण्याच्या टाकीचा तळही असाच लवकर जातो. बॉयलरवरील पत्र्याच्या आवरणाखाली ओल अडकून राहते. तेथील गंज बाहेरून दिसतही नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून सांध्यात शिरलेला गंज दोन पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो.

याउलट, वंगणाचा जाड थर बसलेले भाग बरेच टिकतात. तांबे-पितळेचे भाग गंजत नाहीत, पण त्यांना भाव चांगला मिळत असल्याने तेच आधी काढून नेले जातात!

रंगावर भुलू नका

खरा प्रश्न बॉयलरचा आहे. गोल बॉयलरच्या पत्र्यावरील ताण काढण्याचे सूत्र सोपे आहे:

ताण = दाब × त्रिज्या ÷ जाडी

समजा, वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ११ किलोग्रॅम, त्रिज्या ५० सेंटिमीटर आणि जाडी १.२५ सेंटिमीटर आहे. ताण येईल ४४० किलोग्रॅम. गंजून जाडी निम्मी झाली, की तोच ताण ८८० होईल. साध्या पोलादाचा पत्रा सुमारे ४,००० ला तुटतो. म्हणजे सुरक्षिततेची मर्यादा नऊपटीवरून साडेचारपटीवर आली. रिव्हेटांच्या छिद्रांमुळे व गंजाच्या खोल खड्ड्यांमुळे ती आणखी घटते. बॉयलर फुटला, तर सुमारे १८५ अंश सेल्सिअसच्या पाण्याचा बराच भाग क्षणात वाफ होऊन भयंकर स्फोट होतो.

म्हणून तज्ज्ञ जाडी मोजतात. त्यासाठी श्रवणातीत ध्वनी वापरतात. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. १२ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या पलीकडच्या बाजूवरून प्रतिध्वनी सुमारे ४ मायक्रोसेकंदांत परततो. तो ३ मायक्रोसेकंदांत परतला, तर जाडी ९ मिलिमीटरच उरली! पुढे बॉयलरमध्ये थंड पाणी काठोकाठ भरून दाब देतात. पाणी फारसे दाबले जात नसल्याने गळती झाली तरी स्फोट होत नाही.

अशी काळजी घेतली तर जुने इंजिनही उठते. १८५५ साली बांधलेली 'फेअरी क्वीन' दुरुस्तीनंतर १९९७ साली पुन्हा प्रवासी घेऊन धावली. मात्र इंजिन उभे करतानाच पाणी पूर्ण काढणे, राख झाडणे आणि धुराड्यावर झाकण बसवणे ही साधी कामे केली, तर पुढचा बराच नाश टळतो.

करून पाहा : तीन स्वच्छ खिळे घ्या. एक कोरड्या बाटलीत बंद करा, दुसरा मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवा, तिसऱ्याला तेल लावून तसाच अर्धा बुडवा. आठ दिवस रोज निरीक्षण करून नोंदी ठेवा. दुसऱ्या खिळ्यावर गंज नेमका कोठे अधिक दिसतो? का?