ट्रिगर पॉइंट मर्दन

ट्रिगर पॉइंट मर्दन ही स्नायूंमधील विशिष्ट दुखऱ्या बिंदूंवर बोटाने, कोपराने किंवा चेंडूसारख्या साधनाने मोजका दाब देऊन वेदना कमी करण्याची उपचारपद्धती आहे. स्नायूच्या ताठरलेल्या पट्ट्यात हाताला लागणारी, दाबली असता दुखणारी आणि पुष्कळदा स्वतःपासून दूर असलेल्या भागात वेदना उत्पन्न करणारी लहानशी जागा म्हणजे ट्रिगर पॉइंट होय. ‘ट्रिगर’ म्हणजे बंदुकीचा घोडा. घोडा ओढला जातो एका ठिकाणी आणि गोळी लागते दुसरीकडे. या वेदनेचा स्वभावही तसाच असल्याने हे नाव समर्पक ठरते. मान अवघडणे, पाठीत उसण भरणे, खांदा भरून येणे अशा नित्याच्या तक्रारींपैकी काहींच्या मुळाशी असे बिंदू असतात, असे या पद्धतीचे पुरस्कर्ते मानतात. सर्वांगाला तेल लावून केल्या जाणाऱ्या अभ्यंगाहून ही पद्धत भिन्न आहे. तीत तेलाची आवश्यकता नसते, आणि जोर लावण्यापेक्षा नेमकी जागा शोधण्याला अधिक महत्त्व असते.

संकल्पना

स्नायूच्या तंतूंवर बोटे आडवी फिरवली असता काही ठिकाणी ताणलेल्या दोरीसारखा पट्टा लागतो. या पट्ट्यातील सर्वांत दुखरा भाग हा ट्रिगर पॉइंट मानला जातो. तो अचानक दाबला किंवा त्यात सुई टोचली, तर तो पट्टा क्षणभर थरकतो. ज्या बिंदूमुळे रुग्णाला आपण होऊनच वेदना जाणवते त्यास सक्रिय बिंदू म्हणतात. जो दाबल्याशिवाय दुखत नाही, पण स्नायूला आखडून किंवा दुबळा करून ठेवतो, तो सुप्त बिंदू होय.

हा बिंदू कसा निर्माण होतो, याविषयी सर्वाधिक प्रचलित उपपत्ती अशी : मज्जातंतू जेथे स्नायूला मिळतो तेथे असेटिलकोलीन हे द्रव्य प्रमाणाबाहेर पाझरते, त्यामुळे तंतूचा तेवढाच भाग आकसून राहतो. आकसलेला भाग अधिक ऊर्जा खर्च करतो, पण आजूबाजूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या गेल्याने त्याला प्राणवायू कमी मिळतो. या ओढाताणीत वेदना उद्दीपित करणारी द्रव्ये साचतात. ही उपपत्ती आहे, सिद्ध झालेले तथ्य नव्हे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

इतिहास

स्नायूतील वेदना दूरवर जाणवते, याचा पद्धतशीर अभ्यास लंडनमध्ये जोनास केलग्रेन यांनी केला. स्नायूंमध्ये तीव्र मिठाचे द्रावण टोचून वेदना कोठे कोठे उमटते, याची निरीक्षणे त्यांनी 1938 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे या विषयाला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय अमेरिकन वैद्य जॅनेट ट्रॅव्हेल (1901–1997) यांना दिले जाते. सिनेटर असलेले जॉन केनेडी असह्य पाठदुखीसाठी 1955 मध्ये त्यांच्याकडे आले. केनेडींचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड असल्याचे ट्रॅव्हेल यांच्या ध्यानी आले. त्यांनी बुटात उंची वाढवून घ्यायला लावली आणि झुलती खुर्ची वापरण्याचा सल्ला दिला. ती खुर्ची पुढे केनेडींच्या छायाचित्रांतून जगप्रसिद्ध झाली. 1961 मध्ये केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ट्रॅव्हेल त्यांच्या वैयक्तिक वैद्य झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला होत.

त्यांचे सहकारी डेव्हिड सायमन्स (1922–2010) हे हवाई दलातील वैद्य. 1957 मध्ये बलूनमधून 30 किलोमीटरहून अधिक उंची गाठणारा हा मनुष्य उत्तरायुष्यात स्नायूंतील मोहरीएवढ्या गाठींचा अभ्यासक व्हावा, हा योग मोठा गमतीचा. दोघांनी मिळून लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला खंड 1983 मध्ये आणि दुसरा 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक स्नायूची वेदना कोठे उमटते याचे नकाशे त्यात आहेत, आणि आजही ही पद्धत शिकणारे तेच नकाशे वापरतात. ग्रंथ वैद्यांसाठी होता, उपचारही प्रामुख्याने इंजेक्शनाचे आणि थंड फवारा मारून स्नायू ताणण्याचे होते. केवळ हाताच्या दाबाने उपचार करण्याची रीत सर्वसामान्यांत रुजवली ती बॉनी प्रुडेन यांनी, तर स्वतःच स्वतःवर उपचार कसा करावा हे क्लेअर डेव्हीस या पियानो दुरुस्त करणाऱ्या कारागिराने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून सांगितले.

दूरवर जाणवणारी वेदना

या पद्धतीचा लाभ न होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे जेथे दुखते तेथेच दाबत बसणे. मानेपासून खांद्यापर्यंत उतरणाऱ्या ट्रॅपिझियस स्नायूच्या वरच्या भागातील बिंदू मानेच्या कडेने कानामागे आणि तेथून कानशिलापर्यंत वेदना पाठवतो. असा मनुष्य डोकेदुखी म्हणून कपाळाला बाम चोळत राहतो आणि खांद्याकडे त्याचे लक्षच जात नाही. कानामागून छातीच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा स्नायू कपाळावर आणि डोळ्याभोवती दुखवतो. खांद्याच्या फऱ्यावर मागच्या बाजूने पसरलेल्या इन्फ्रास्पायनेटस स्नायूची वेदना खांद्याच्या पुढच्या भागात, सांध्याच्या आत खोलवर जाणवते. दुखणारा पुढून खांदा दाबतो, आणि दोषी स्नायू मात्र पाठीवर असतो. ढुंगणातील ग्लूटिअस मिनिमस या स्नायूचे बिंदू मांडीच्या बाहेरून घोट्यापर्यंत कळ नेतात आणि सायटिकेचा भास निर्माण करतात. पोटरीच्या खोल भागातील सोलिअस स्नायूमुळे टाच दुखू शकते.

म्हणून उपचारापूर्वी नकाशा पाहून, ज्या ज्या स्नायूंची वेदना त्या भागात येऊ शकते ते सर्व तपासावे. उजवी आणि डावी बाजू ताडून पाहिल्यास ताठ पट्टा लवकर ओळखू येतो. बिंदू दाबताच रुग्णाने ‘हेच ते माझे दुखणे’ असे ओळखणे, ही योग्य जागा सापडल्याची उत्तम खूण समजली जाते. नुसते दुखणे ही खूण नव्हे. जोराने दाबले तर कोणाचाही कोणताही स्नायू दुखतो.

दाब देण्याची रीत

स्नायू सैल असताना दाब द्यावा. खांद्याचा स्नायू तपासायचा असल्यास हात मांडीवर किंवा उशीवर टेकवून ठेवणे, पोटरीसाठी गुडघा वाकवून बसणे, एवढे केले तरी बराच फरक पडतो. प्रारंभी पाचदहा मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यास स्नायू मऊ होतो.

ट्रॅव्हेल आणि सायमन्स यांनी आधी जोरकस दाब देण्याची रीत सांगितली होती. 1999 च्या सुधारित आवृत्तीत ती बदलण्यात आली. नव्या रीतीनुसार बोट हळूहळू रुतवावे, ऊतीचा अडथळा जाणवताच तेथेच थांबावे आणि बोटाखालचा ताण सैल पडेपर्यंत वाट पाहावी. सैल पडला की बोट थोडे पुढे न्यावे. एका जागी साधारणतः अर्धा ते दीड मिनिट पुरते. वेदनेला शून्य ते दहा असे अंक दिले, तर दाब पाच-सहाच्या पुढे जाऊ नये. श्वास रोखला जाणे, दात आवळले जाणे ही दाब अधिक झाल्याची लक्षणे होत. असा दाब झाल्यास स्नायू बचावासाठी आणखी आवळतो आणि हेतूच विफल होतो. ‘जितके दुखेल तितका गुण येईल’ ही आपल्याकडील समजूत येथे सर्वस्वी घातक आहे.

दुसरी रीत, जी स्वतःवर उपचार करताना सोयीची, ती लहान आणि संथ घासण्याची : बिंदूवरून एकाच दिशेने इंचभर अंतर सहा ते बारा वेळा घासावे, मग ती जागा सोडून द्यावी. दिवसातून एकदा अर्धा तास रगडण्यापेक्षा मिनिटभराचे असे चार-पाच फेरे अधिक उपयोगी पडतात. अंगठ्याने फार दाबल्यास अंगठ्याचाच सांधा दुखू लागतो, म्हणून पाठीसाठी टेनिसचा चेंडू पायमोज्यात घालून भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरणे बरे. पायमोज्याचे टोक हातात राहिल्याने चेंडू घसरत नाही.

दाब काढल्यावर तो स्नायू त्याच्या पूर्ण टप्प्यात दोन-तीन वेळा सावकाश हलवावा आणि हळूच ताणावा. हा भाग पुष्कळ जण गाळतात. स्नायूला पुन्हा पूर्ण लांबीची सवय लावणारा भाग मात्र तोच होय. एखाद-दोन दिवस जागा ठणकणे स्वाभाविक आहे. ती काळीनिळी पडली किंवा तिसऱ्या दिवशीही तितकीच ठणकली, तर दाब अधिक झाला असे समजून तेथे विश्रांती द्यावी.

पुन्हा उद्भवण्याची कारणे

बिंदू सैल झाला तरी त्याला आवळणारे कारण कायम असेल, तर दुखणे चार दिवसांत परतते. केनेडींच्या बाबतीत पायाची लांबी हे असे कारण होते. एकाच खांद्यावर जड पिशवी नेणे, मान खाली घालून तासन्‌तास मोबाइल पाहणे, शिवणयंत्रावर पुढे झुकून बसणे, फार उंच उशी, ही त्याचीच उदाहरणे. हात उंचावून वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकांचे खांदे या बाबतीत बोलके साक्षीदार आहेत. ट्रॅव्हेल यांनी लोहाची व जीवनसत्त्वांची कमतरता, अवटू ग्रंथीचे विकार आणि अपुरी झोप यांचाही विचार करण्यास सांगितले आहे. वारंवार उद्भवणाऱ्या दुखण्यात रक्ततपासणीचा उपयोग मर्दनापेक्षा अधिक होऊ शकतो.

मतभेद

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जय शहा आणि सहकाऱ्यांनी सक्रिय बिंदूंमधील द्रव सूक्ष्म सुईने तपासला असता वेदनेशी संबंधित द्रव्ये अधिक प्रमाणात आढळली. उलट, एकाच रुग्णाला तपासणाऱ्या दोन जाणकारांचे बिंदूच्या जागेबाबत अनेकदा एकमत होत नाही, हा मोठा आक्षेप आहे. 2015 मध्ये जॉन क्विंटनर आणि सहकाऱ्यांनी ही संपूर्ण उपपत्तीच निराधार ठरवली. वेदनेचा उगम स्नायूत नसून मज्जातंतूंत असावा, असा त्यांचा पक्ष. मर्दनावरील चाचण्या बहुधा लहान आणि अल्पकाळाच्या आहेत. त्यांत तात्पुरता आराम दिसतो, पण दीर्घकालीन लाभाचा पुरावा दुबळा आहे.

सुश्रुतसंहितेतील 107 मर्मे आणि हे बिंदू एकच असल्याचे विधान अनेकदा केले जाते. ते बरोबर नाही. मर्म म्हणजे जेथे आघात झाला असता प्राणास किंवा अवयवास धोका पोहोचतो अशी जागा. ट्रिगर पॉइंट ही आखडलेल्या स्नायूतील जागा असून ती प्रत्येकात त्याच ठिकाणी असेलच असे नाही.

सावधगिरी

गळ्याच्या पुढच्या बाजूस, जेथे नाडीचे ठोके लागतात तेथे, दाब देऊ नये. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असल्यास तिला हात लावू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, हाडे ठिसूळ झालेले वृद्ध, कर्करोगाचे रुग्ण आणि गर्भवती यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ताप, जखम, ताजे अस्थिभंग यांत मर्दन वर्ज्य आहे.

छातीच्या स्नायूंतील बिंदू छातीत आणि डाव्या हातात कळ उत्पन्न करू शकतात, आणि हृदयविकाराची कळही तेथेच येते. दाबून दुखले म्हणजे हृदय निर्दोष, असा निष्कर्ष घरच्या घरी काढू नये. छातीतील कळ, घाम आणि धाप यांच्यासाठी तत्काळ रुग्णालय गाठावे. पाठदुखीसोबत पायातील शक्ती जाणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा लघवी अडणे ही मणक्यातील मज्जातंतू दाबले गेल्याची लक्षणे असतात, आणि त्यांवर काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागू शकते.