इंग्रजी वाक्याची घडण : लेखांक सातवा – गौण वाक्य आणि त्याचा मराठी साक्षीदार

गेल्या आठवड्यात एकच उद्देश्य व एकच विधेय असलेल्या केवल वाक्याचा विचार आपण पुरा केला. आता ज्या प्रकरणापाशी सातारा-सांगलीकडील मराठी शाळांतून शिकलेले, एरवी बुद्धिमान आणि मेहनती विद्यार्थीही अडखळतात, त्या ‘क्लॉज’च्या, म्हणजे मोठ्या वाक्याच्या पोटात नांदणाऱ्या लहान वाक्याच्या, प्रकरणाकडे वळू. हा विषय आपल्या मुलखाला परका नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी, ज्या १८८८ साली ‘सुधारक’ काढला त्याच साली, ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि इंग्रजी व्याकरणातील पृथक्करणाची पद्धत मराठी वाक्यास लावून दाखविली. जी वाट त्यांनी इंग्रजीकडून मराठीकडे आणली, तीच आज आपणांस मराठीकडून इंग्रजीकडे चालावयाची आहे.

मुख्य वाक्य आपल्या पायांवर उभे असते. गौण वाक्यास स्वतःचे उद्देश्य व क्रियापद असले तरी अर्थाच्या पूर्ततेसाठी ते मुख्य वाक्याच्या आश्रयास येते. तेथे ते नामाचे काम करील तर नामवाक्य, एखाद्या नामाचे वर्णन करील तर विशेषणवाक्य, आणि काळ, स्थळ, कारण वा अट सांगून क्रियेची मर्यादा ठरवील तर क्रियाविशेषणवाक्य. कचेरीतील इसमाचा हुद्दा जसा त्याच्या पागोट्यावरून ठरत नाही, तसा गौण वाक्याचा प्रकारही त्याच्या आरंभीच्या शब्दावरून ठरत नाही.

कृष्णाकाठच्या वाचकांस परिचित असा पुराचाच प्रसंग घेऊ. ‘आय डू नॉट नो व्हेन द रिव्हर विल राइज’, ‘आय रिमेंबर द नाइट व्हेन द रिव्हर रोझ’ आणि ‘वी विल लीव्ह व्हेन द रिव्हर राइजेस’ या तिन्ही वाक्यांत ‘व्हेन’ आहे. पण ‘व्हेन’ म्हणजे ‘जेव्हा’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी तिन्हींना एकाच पंगतीत बसवितो. हीच वाक्ये मराठीत मांडून पाहा : नदीचे पाणी केव्हा चढेल ते मला ठाऊक नाही, ज्या रात्री पाणी चढले ती रात्र मला आठवते, पाणी जेव्हा चढेल तेव्हा आपण घर सोडू. पहिल्यातील ‘ते’ नामाच्या जागी उभे आहे, म्हणून ते नामवाक्य. दुसऱ्यातील ‘ती’ रात्रीकडे बोट दाखविते, म्हणून ते विशेषणवाक्य. तिसऱ्यातील ‘तेव्हा’ क्रियेचा काळ सांगतो, म्हणून ते क्रियाविशेषणवाक्य. इंग्रजी जी गोष्ट अध्याहृत ठेवते, तिची साक्ष आपली मायबोली उघडपणे देते. जो विद्यार्थी हा साक्षीदार बोलावील, त्यास प्रकार ओळखण्यासाठी घोकंपट्टी करावी लागणार नाही.

हा भेद केवळ परीक्षेतील गुणांपुरता नाही. मराठीत पहिल्या व तिसऱ्या वाक्यात ‘चढेल’ हे एकच रूप शोभते. इंग्रजीत मात्र ‘विल राइज’ नामवाक्यात चालते आणि काळदर्शक क्रियाविशेषणवाक्यात, गोष्ट भविष्यातील असूनही, ‘राइजेस’ हे वर्तमानकाळाचे रूप योजावे लागते. ‘व्हेन द रिव्हर विल राइज, देन वी विल लीव्ह’ असे जे वाक्य आपल्याकडील वह्यांतून आढळते, त्यातील दोन्ही दोषांचे मूळ येथेच आहे : ‘विल’ हा ‘चढेल’चा आणि ‘देन’ हा ‘तेव्हा’चा शब्दशः उतारा होय. साक्षीदाराची जबानी घ्यावी, परंतु निकालपत्रावर त्याची सही घेऊ नये.

पुढील लेखांकात ‘इफ’ने आरंभ होणारी वाक्ये व ‘जर-तर’ यांचा विचार करू. तोवर वाचकांनी ‘व्हेअर’ हा शब्द घेऊन तीन वाक्ये रचावीत आणि ‘कोठे-ते’, ‘ज्या-ते’, ‘जेथे-तेथे’ या जोड्यांनी ती पारखून पाहावीत.