'लठ्ठपणाचं जनुक' असं काही नसतं

'आमच्या घराण्यातच जाडी आहे. जनुकातच आहे म्हटल्यावर काय करणार?' हे वाक्य लग्नाच्या पंगतीपासून दवाखान्याच्या बाकापर्यंत कानावर येतं. त्याला खतपाणी घालतात वर्तमानपत्रांचे मथळे: लठ्ठपणाचं जनुक सापडलं, रागाचं सापडलं, हुशारीचंही सापडलं! एका गुणाला एक जनुक, हा तो हिशेब. माणसाच्या बहुतेक गुणांना तो लागूच पडत नाही.

'लठ्ठपणाचं जनुक' हा लौकिक ज्याला मिळाला, त्या एफटीओ जनुकाचंच बघा. 2007 साली 'सायन्स' या नियतकालिकात जवळपास 39 हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या जनुकातला एक विशिष्ट बदल ज्या प्रौढांना आई आणि वडील दोघांकडूनही मिळाला होता, त्यांचं वजन तो कुणाकडूनच न मिळालेल्यांपेक्षा सरासरी तीन किलो जास्त भरलं. फक्त तीन किलो! तेवढ्यावर 'लठ्ठपणाचं जनुक' असं बारसं उरकलं गेलं.

पुढचं संशोधन मात्र वेगळंच सांगतं. हा बदल एफटीओच्या अशा भागात आहे, जिथून प्रथिन बनतच नाही. 2014 आणि 2015 मध्ये उलगडा झाला, की तो डीएनएची सुमारे पाच लाख अक्षरं पलीकडे असलेल्या आयआरएक्स-3 या वेगळ्याच जनुकाच्या कामावर परिणाम करतो. चरबीच्या पेशींनी ऊर्जा साठवायची की उष्णतेच्या रूपात जाळून टाकायची, हे काही अंशी त्यावरून ठरतं. म्हणजे ज्याच्यावर खापर फुटलं, ते जनुक नुसतं जागामालक निघालं.

बरं, परिणाम तरी ठरलेला आहे का? तोही नाही. 2011 मध्ये दोन लाखांहून अधिक प्रौढांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा शारीरिक हालचाल करणाऱ्यांमध्ये या बदलाचा लठ्ठपणावरचा परिणाम सुमारे 27 टक्क्यांनी कमी दिसला. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घकालीन पाहणीत तर 1942 पूर्वी जन्मलेल्यांमध्ये हा बदल आणि वजन यांचा संबंधच आढळला नाही. नंतरच्या पिढ्यांत आढळला. डीएनएतलं अक्षर तेच; खाणंपिणं आणि राहणीमान बदललं. मग 'जनुकातच आहे' म्हणून हात टेकायचे कशासाठी?

या गैरसमजाचं मूळ शाळेच्या पुस्तकात आहे. 'जीन' हा शब्द विल्हेल्म योहानसेन यांनी 1909 मध्ये रूढ केला, तेव्हा ही चीज कशाची बनलेली आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. 1941 मध्ये बीडल आणि टेटम यांनी पावावरच्या बुरशीवर प्रयोग केले आणि एक जनुक, एक विकर अशी मांडणी पुढे आली. आपल्या डोक्यातलं जनुक तिथेच थांबलंय. जीवशास्त्र थांबलं नाही. 1977 मध्ये दिसलं, की जनुकं तुकड्यातुकड्यांत विभागलेली असतात आणि हे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून एकाच जनुकापासून अनेक प्रथिनं बनू शकतात. काही जनुकं तर प्रथिन बनवतच नाहीत, त्यांच्यापासून बनणारा आरएनएच काम करतो. त्यामुळे आज जनुक म्हणजे ढोबळमानाने डीएनएचा असा भाग, ज्यावरून पेशीच्या उपयोगाचा आरएनए किंवा प्रथिन तयार होतं. तिथून उंची, स्वभाव किंवा गाता गळा यांच्यापर्यंतचा रस्ता फार लांबचा आणि फाटे फुटलेला असतो. एकट्या उंचीसाठी 2022 मध्ये सुमारे 54 लाख लोकांचा डीएनए तपासला, तर संबंधित बदल 12 हजारांच्या वर निघाले!

बाकीच्या समजुतींना फार जागा द्यायची गरज नाही. प्रभावी जनुक म्हणजे जास्त लोकांत आढळणारं, हे खोटं: हंटिंग्टनचा आजार प्रभावी पद्धतीने उतरतो, तरी तो दुर्मीळच आहे. जीभ वळवता येणं एका जनुकावर ठरत नाही, कारण हुबेहूब जुळ्यांतही एकाला ती वळवता येते आणि दुसऱ्याला येत नाही. आणि मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांना आता तरी कुणीतरी खडसावून सांगायला हवं, की आईकडून नेहमी एक्स गुणसूत्रच येतं. एक्स की वाय, हा फरक वडिलांकडून येतो.

एकाच जनुकातल्या बदलाने होणारे आजारही आहेत, आणि ते आपल्या दारात आहेत. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदलल्यामुळे होतो. इथेही एक चूक जिवावर बेतते. आईवडील दोघेही वाहक (म्हणजे बदललेलं जनुक एकाच पालकाकडून मिळालेले) असले की मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते, हे लोकांना ठाऊक असतं; पण 'पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली' असा त्याचा अर्थ लावला जातो. तसं नाही. प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता नव्याने 25 टक्केच असते. वाहकाला सहसा काहीच त्रास होत नसल्याने तपासणीशिवाय हे कळत नाही. तेव्हा या भागातल्या मुलामुलींनी लग्न ठरवण्याआधी ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी.