डिस्क गोल्फ, लेखांक ४ : फेक सुधारण्यासाठी डिस्कची निवड

फेक सुधारायची असेल तेव्हा सर्वांत लांब जाणारी डिस्क उपयोगाची नसते. हातून झालेली चूक जी डिस्क उड्डाणात लगेच आणि स्पष्ट दाखवते, ती सरावाला घ्यावी. अरुंद कडेचे, सरळ उडणारे पटर आणि मिडरेंज या कसोटीला उतरतात. रुंद कडेचे ड्रायव्हर उतरत नाहीत. असे का, हे समजण्यासाठी आधी डिस्कची घडण पाहावी लागते.

कड आणि चार आकडे

एड हेड्रिक यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान उभे राहिले. त्या काळी खेळाडू गोल, जाड कडेच्या साध्या फ्रिस्बीच फेकत. १९८३ मध्ये डेव्ह डनिपेस यांनी तिरप्या कडेची डिस्क घडवली आणि इनोव्हा कंपनीने ती ‘ईगल’ या नावाने बाजारात आणली. तिरपी कड हवा कापत जाते, त्यामुळे पल्ला वाढला. पुढे कड अधिकाधिक रुंद आणि धारदार होत गेली व पटर, मिडरेंज, फेअरवे ड्रायव्हर, डिस्टन्स ड्रायव्हर अशी उतरंड तयार झाली. व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना, म्हणजे पीडीजीए, या घडणीला मर्यादा घालते. डिस्कचा व्यास किमान २१ सें.मी. असावा लागतो. वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमच्या आत, आणि कडेची रुंदी २.६ सें.मी.च्या आत असावी लागते.

बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात. ते अनुक्रमे गती, तरंग, सुरुवातीचा कल आणि शेवटचा कल दाखवतात. यांतला पहिला आकडा सर्वाधिक गैरसमज निर्माण करतो. गती १२ म्हणजे ती डिस्क कोणाच्याही हातून वेगाने जाईल, असे नव्हे. उरलेले तीन आकडे खरे ठरायचे असतील, तर ती किती वेगाने सुटली पाहिजे, हे तो सांगतो. इनोव्हाच्या ‘एव्हिअर’ या पटरचे आकडे २, ३, ०, १ असे आहेत, तर ‘डिस्ट्रॉयर’ या ड्रायव्हरचे १२, ५, -१, ३. एव्हिअर नवशिक्याच्या वेगालाही आकड्यांप्रमाणे उडतो. डिस्ट्रॉयरला तसे उडवायला कसलेला हात लागतो.

डिस्क वळते कशी

उडत्या डिस्कला हवा खालून उचलते, पण त्या जोराचा मध्य नेहमी डिस्कच्या मध्यावर येत नाही. डिस्क वेगात असते तेव्हा हवेला जवळजवळ सपाट भिडते आणि हा मध्य मागे राहतो, त्यामुळे डिस्कचे पुढचे टोक खाली दाबले जाते. वेग ओसरून डिस्क खाली येऊ लागली, की हवा खालच्या अंगाने लागते, मध्य पुढे सरकतो आणि पुढचे टोक वर ढकलले जाते. डिस्क फिरत नसती, तर तिने कोलांटी खाल्ली असती. पण फिरत्या भोवऱ्याला बोट लावले, की तो बोटाच्या दिशेने न पडता त्या दिशेशी काटकोनात कलतो. डिस्कचेही तसेच होते. उजव्या हाताच्या बॅकहँड फेकीत डिस्क, वरून पाहता, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. म्हणून ती वेगात असताना उजवीकडे आणि वेग उतरल्यावर डावीकडे कलते. डावखुऱ्या खेळाडूच्या बॅकहँडला आणि उजव्या हाताच्या फोरहँडला याच्या नेमके उलट घडते.

उजवीकडचा कल जास्त असेल, तर डिस्कला अंडरस्टेबल म्हणतात. डावीकडचा कल ठळक असेल, तर ओव्हरस्टेबल. दोन्ही कल थोडे असलेली डिस्क सरळ, म्हणजेच न्यूट्रल.

ड्रायव्हर चूक कशी झाकतो

नवशिक्याच्या हातून गती १२ ची डिस्क तिला हव्या त्या वेगाने सुटतच नाही. त्यामुळे तिचा उजवीकडचा कल दिसत नाही आणि सुटल्यापासूनच ती डावीकडे झुकू लागते. फेक चांगली असो वा वाईट, शेवट एकच. मग ती सरळ जावी म्हणून खेळाडू नकळत सोडताना मनगट उलटवू लागतो. मनगटाची चूक डिस्कला उजवीकडे नेते, डिस्कची घडण तिला डावीकडे खेचते आणि दोन्हींची वजाबाकी होऊन सरळ दिसणारी फेक पदरात पडते. हाताला मात्र चुकीची सवय लागलेली असते. तोच हात सरळ डिस्क फेकतो तेव्हा ती क्षणात उजवीकडे उलटते.

पटरचे उड्डाण वाचणे

न्यूट्रल पटर पूर्ण ताकदीने न फेकता, सपाट आणि खांद्याच्या खालच्या उंचीवर सोडला, की त्याच्या उड्डाणातून चूक ओळखता येते.

सुटताच डिस्क थरथरत असेल, तर पकड सैल आहे किंवा हात डिस्कच्या पातळीत ओढला गेलेला नाही. थरथर लवकर थांबत नसेल, तर फिरकीही अपुरी आहे.

डिस्क सुटल्यावर लगेच उजवीकडे उलटत असेल, तर मनगट वरून फिरले आहे किंवा सोडताना डिस्कची बाहेरची बाजू वर राहिली आहे. आधी शरीराचा तोल तपासावा. पाठीवर रेलून फेकल्यासही हेच होते.

डिस्क वर चढून हवेत थबकत असेल आणि डावीकडे आपटत असेल, तर तिचे पुढचे टोक वर होते. नवशिक्यांत ही चूक फार आढळते आणि पल्ल्याचे सर्वाधिक नुकसान तीच करते. मनगट किंचित खाली झुकवले आणि अंगठा डिस्कच्या पाठीवर घट्ट दाबून ठेवला, की टोक खाली येते.

उड्डाण स्वच्छ असेल, पण दिशा चुकत असेल, तर दोष सोडण्याच्या क्षणाचा आहे. बॅकहँडमध्ये डिस्क उशिरा सुटली तर लक्ष्याच्या उजवीकडे, लवकर सुटली तर डावीकडे जाते.

फेक नीट जमली, की पटर बराच वेळ सरळ जातो आणि शेवटी अलगद डावीकडे उतरतो.

डिस्क घेताना

सरावासाठी एव्हिअरसारखा सरळ पटर पहिला घ्यावा. त्याच्या जोडीला ५, ४, -१, १ आकड्यांचा डिस्क्राफ्टचा ‘बझ’ किंवा त्या जातीचा दुसरा मिडरेंज पुरेसा होतो. वजन साधारण १६५ ते १७५ ग्रॅम असावे. लहान मुलांनी आणि ताकद कमी असलेल्यांनी १५० ग्रॅमच्या आसपासची डिस्क घ्यावी. हलकी डिस्क कमी जोरात उडते, पण तिला वाऱ्याचा त्रास अधिक होतो.

प्लॅस्टिकचाही विचार करावा. स्वस्त, मऊसर प्लॅस्टिकला पकड चांगली बसते, मात्र झाडांवर आणि दगडांवर आदळून त्याची कड लवकर झिजते. झिजलेली डिस्क हळूहळू अंडरस्टेबल होते. आठवड्यामागून आठवडा ती उजवीकडे जास्त कलू लागली, तर दोष हाताचा की झिजेचा, हे कळत नाही. त्यामुळे एकाच नमुन्याचे, एकाच वजनाचे आणि एकाच प्लॅस्टिकचे दोन-तीन पटर घ्यावेत आणि एक जवळजवळ नवा ठेवून त्याच्याशी ताडून पाहावे. सर्व डिस्क सारख्या असतील, तर फेकीतला फरक हाताचाच असतो.

सराव शांत हवेत करावा. समोरून वारा असेल, तर हवेच्या तुलनेत डिस्कचा वेग वाढतो आणि ती अंडरस्टेबल वाटते. मागून वारा असेल, तर उलट. अशा दिवशी डिस्कने सांगितलेली चूक खरी मानू नये.

पुढची पायरी केव्हा

पटर थरथर न होता, सपाट आणि ठरल्या दिशेने साधारण ६० मीटर जाऊ लागला, की मिडरेंज मुख्य डिस्क करावी. तिच्यावरही ताबा आला, की गती ६-७ चा फेअरवे ड्रायव्हर घ्यावा. इनोव्हाचा ‘लेपर्ड’ (६, ५, -२, १) या टप्प्याला साजेसा आहे. त्याची बाहेरची कड किंचित खाली ठेवून तो सोडला, की वेगात तो उभा होऊन सपाट होतो आणि सरळ जातो. हात पुरेसा वेगवान झाला आहे की नाही, हे त्यातून दिसते, कारण वेग कमी पडला तर तो सपाट न होताच डावीकडे उतरतो. लेपर्ड दर वेळी सपाट होईपर्यंत गती ९ च्या पुढच्या डिस्क पिशवीत ठेवण्याचे कारण नाही. ड्रायव्हरवर आल्यानंतरही दर सरावाची सुरुवात पटरने करावी. लांब फेकीच्या नादात शिरलेली चूक तोच आधी दाखवतो.

(पुढील लेखांक : बॅकहँडची पकड)